खिडकीजवळची खाट

लालबाग,
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय संघू,

तुला सप्रेम जय भीम आणि संक्रांतीचा उशिराचा तिळगूळ. लाडू नूपुरच्या हाती पाठवते आहे. या वेळी पाक जरा पुढे गेला, त्यामुळे कडक झालेत. दातांना जप. सोबत आवळ्याचं लोणचं आहे, ते प्रितीसाठी. तिला सातवा लागला ना? आंबट खावंसं वाटतं म्हणाली होती. बाळंतपणाला तुझ्याकडे शीवलाच राहणार की सासरी जाणार, ते कळव.

आम्ही बरे आहोत. विकासचा गुडघा पुन्हा धरलाय, पण जिना चढायचा कंटाळा आला की तो जास्त धरतो, हे तुला माहीत आहे. नूपुरला नोकरी लागली, आता ती मला फोन कसा वापरायचा ते शिकवते आणि चिडते. हिंदमाताला लग्नाची गर्दी सुरू झाली. दिवसभर साड्या उलगडायच्या, गिऱ्हाईक नाक मुरडून गेलं की घड्या घालायच्या. सेठ म्हणतो, दर्शनाबाई, तुम्ही हसत नाही म्हणून गिऱ्हाईक पळतं. मी म्हटलं, भाव ऐकून पळतं.

पत्र बघून तू हसली असशील. एका फोनवर काम झालं असतं. पण फोनवर तू बोलायला लागलीस की मी नुसती हं हं करते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मी लिहिते आणि पुसते. आणि वकीलबाईंनी सांगितलंय ना, चौकशीबद्दलचं काही फोनवर टाकू नका म्हणून. मग कागद बरा.

परवा तुला टीव्हीवर पाहिलं. आम्ही जेवत होतो. विकास घास हातात धरून थांबला. म्हणाला, "बघ, बघ, तुझी मैत्रीण. काय बोलते गं ही! समोरच्याची बोलतीच बंद." नूपुर म्हणाली, "मावशी मस्त दिसतेय." मी म्हटलं, "साडीचा काठ उलटा आलाय." दोघंही माझ्याकडे बघायला लागले. ती मोरपंखी काठाची पांढरी साडी मीच तुला आमच्या दुकानातून काढून दिली होती. तू केशरी मागत होतीस, आठवतं? मी म्हटलं, चार लोकांत बोलायला उभी राहशील तेव्हा पांढरी उठून दिसेल. तशी ती दिसली.

चौकशी समितीच्या तारखेला मी येते तेव्हा तू भेटतेस, हात धरतेस, "दर्शे, जेवलीस का" विचारतेस. मग कुणीतरी तुला पुढे बोलावतं. पुढच्या तीन रांगा बळींच्या यादीतल्या घरच्यांच्या. त्यांच्या गळ्यात निळ्या फितीची कार्डं. दोरीच्या मागे आम्ही. आम्हाला तिथला शिपाई "इतर" म्हणतो. "इतरांनी मागे बसा." गेल्या तारखेला शेजारच्या बाईंनी मला विचारलं, तुमचं कोण गेलं? मी म्हटलं, मी संघमित्राताईंबरोबर आलेय. माझ्या आईबद्दल काही बोलले नाही. काय बोलणार? माझी आई त्याच हॉस्पिटलात, त्याच वॉर्डात, तुझ्या आईच्या आदल्या दिवशी गेली. पण ती आपल्या मरणाने गेली. कागदावर तसं लिहिलंय. वय, दमा, हृदय. भेटायला आलेले सगळे म्हणाले, सुटली बिचारी.

आता लिहिते. तीन कागद फाडून झाले. संघू, मला तुझा हेवा वाटतो.

तू बोलतेस त्याचा नाही. तो तर लहानपणापासून आहे. आई रोज म्हणायची, "संघू बग कशी बोलता. तू नुसती मान हलवतंस." त्याची सवय झाली. तू शाळेत बाई झालीस, हेडबाई झालीस, त्याचाही नाही. मला हेवा वाटतो तो तुझ्या आईला कुणीतरी मारलं याचा.

हे लिहून मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. परत आले तरी वाक्य तिथंच आहे, म्हणून ठेवते.

तुझ्याकडे शिव्या द्यायला माणूस आहे. तुरुंगात आहे, जन्मठेप भोगतोय. तुझ्याकडे न्यायाधीश बाई आहेत, त्या चष्मा काढून तुझ्याकडे बघतात आणि विचारतात, "तुमच्या आईंबद्दल सांगा." तुझी आई गाणी कशी म्हणायची, गिरणी बंद पडल्यावर तिने पापड लाटून तुला डी.एड. कसं केलं, हे सगळ्या हॉलने ऐकलं. लिहून घेतलं. माझ्या आईबद्दल मला कुणीही विचारलेलं नाही. तीसुद्धा पापड लाटायला तुमच्याच खोलीत बसायची.

पण मी हे एवढ्यासाठी लिहायला बसले नाही. नोव्हेंबरच्या तारखेबद्दल लिहायचं आहे.

त्या दिवशी तुरुंगातल्या त्या ब्रदरचा जबाब पहिल्यांदा मोठ्याने वाचला. त्याच्यासाठी ब्रदर हा शब्द लिहायला नको वाटतं, पण वॉर्डात सगळे तेच म्हणायचे, आपणही म्हणायचो. ब्रदर, सलाइन संपलं. ब्रदर, जरा बघा. कारकून वाचत होता. जबाबात एकाही पेशंटचं नाव नव्हतं. त्याला नावं माहीतच नव्हती. नऊ नंबर. बावीस नंबर. मग कारकुनाने वाचलं, "गुरुवारी संध्याकाळी, चौदा नंबर, खिडकीजवळची." सगळे तुझ्याकडे बघायला लागले, कारण चौदा नंबर म्हणजे चंपामावशी. पोलिसांनी तेवढ्यावरच तिचं नाव यादीत घातलं होतं. गुरुवारी इंजेक्शन, शनिवारी मावशी गेली. सरळ हिशेब.

मी तुझ्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे बघत होते. अंबाडा, त्यात ती शिंपल्याची पिन. मला वाटलं, आता संघू मागे वळून माझ्याकडे बघेल.

तू वळली नाहीस.

मला जे आठवतं ते लिहिते, चुकत असेल तर सांग. चंपामावशी चौदाला, खिडकीपाशी. आई पंधराला, बरोबर पंख्याखाली. पंखा बंद करता येत नव्हता, कारण समोरच्या रांगेतल्या बायका उकडतंय म्हणून ओरडायच्या. आई पहिल्याच दिवशी खोकून खोकून म्हणाली, "ह्यो पंखो माझो जीव घेतलो बग." तेव्हा तुझी आई उठून बसली. म्हणाली, "जाई, ऊठ. तू इथं झोप. मला वारा लागतोच, मी जाते पंख्याखाली." तू म्हणालीस, "आई, असं चालत नाही." मावशी म्हणाली, "चाळीत खोल्या बदलल्या, खाटेचं काय घेऊन बसलीस?"

मग आपलं ठरलं. भेटायला आलेली माणसं गेली की दोघींची अदलाबदल, आणि सकाळचा राउंड यायच्या आत परत जागच्या जागी. नाहीतर मोठ्या सिस्टर खवळायच्या. एकदा पकडलं तेव्हा काय ओरडल्या, "खाट म्हणजे काय एसटीची सीट आहे?" रात्री थांबायला दोघींत मिळून एकच पास वापरायचो, गिरणीत लावायचे तशा पाळ्या लावल्या होत्या. ज्या दिवशी तुझी पाळी त्या दिवशी तू दोघींची मुलगी, माझी त्या दिवशी मी. आणि आईला सवय झाली होती. संध्याकाळी कुणी "चौदा" म्हणून पुकारलं की खिडकीपाशी पडल्या पडल्या शाळेतल्या हजेरीसारखी "ओ" द्यायची, आणि पंधराला तुझी आई पदर तोंडात धरून हसायची.

त्या गुरुवारी तुझी पाळी होती. मी दुकानातून परस्पर घरी गेले होते. सकाळी आले तेव्हा आई पंधरालाच होती, गाढ झोपलेली, आणि राउंड चालू असताना गेली.

म्हणून विचारते. त्या गुरुवारी संध्याकाळी तू दोघींना बदललं होतंस का?

तू "नाही" म्हणालीस तर मी मान हलवीन आणि मागच्या रांगेत बसेन. पण तू "हो" म्हणावंस असं मला वाटतं, संघू. रोज वाटतं. आपल्या आईला कुणी मारलेलं असावं, असं वाटणारी मुलगी तू पाहिली नसशील. ही बघ.

प्रितीला जप म्हणावं. उत्तर दे. दिलं नाहीस तरी ते मला उत्तर म्हणूनच मिळेल.

तुझी,
दर्शना


शीव कोळीवाडा,
शनिवार, २५ जानेवारी २०२५

प्रिय दर्शे,

लाडू प्रितीने खलबत्त्यात फोडले आणि पोळीत भरले. गुळाची पोळी झाली. लोणचं तिने लपवून ठेवलंय. साडीचा काठ उलटा होता हे खरं आहे, मला नंतर फोटोत दिसलं. इतक्या लोकांत तुलाच ते कळावं.

हो. बदललं होतं.

हे एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. पण तू विचारलं नसलंस तरी तुला बाकीचं हवं असेल, म्हणून लिहिते. एकदाच लिहीन.

तुझी आई त्या संध्याकाळी खुशीत होती. खिडकीतून आपल्या चाळीच्या जागेवरचा टॉवर दिसायचा, क्रेन लावलेली. ती मला म्हणाली, "आमची खोली खंय येतली गो?" मी उगाच बोट दाखवलं, तो क्रेनखालचा मजला, मावशी. ती म्हणाली, "मगे तुमची बाजूकच ना?" मी म्हटलं, बाजूलाच. मग म्हणाली, "दर्शूक सांग, पडदे हिरवे घे." पाणी मागितलं, मी चमच्याने पाजलं. पूर्वी आपल्या आया जातीमुळे एकमेकींना पाणी विचारताना किती आडवळणाने विचारायच्या ते तुला आठवत असेल. त्या संध्याकाळी तिला नुसतं पाणी हवं होतं.

तो आला तेव्हा मी आईची उशी सारखी करत होते. माझी पाठ होती तिकडे. तो म्हणाला, "चौदा?" जाईमावशी म्हणाली, "ओ." मी हसले. आईही हसली. नेहमीसारखंच. त्याने सलाइनच्या नळीत काय घातलं ते मी पाहिलं नाही. इंजेक्शनं देणं हे त्याचं कामच होतं. जाताना "आता चांगली झोप लागेल" म्हणाला आणि मी त्याला थँक्यू म्हटलं.

तिला झोप लागली. खोकलासुद्धा थांबला. पहाटे आयाबाईंना हाताशी घेऊन मी तिला पंधराला आणलं, तरी ती जागी झाली नाही. मी आईला म्हटलं, आज मावशीला मस्त झोप लागलीय, उठवू नकोस. पुढचं तुला माहीत आहे. आई दुसऱ्या दिवशी गेली, तिच्या किडन्यांनी गेली, आणि रिकाम्या पंधराकडे बघत गेली. तिला कुणी मारलं नाही.

नोव्हेंबरपर्यंत मला यातलं काही माहीत नव्हतं, हे खरं मान. पोलिसांनी मला फक्त सांगितलं होतं की तुमच्या आईचं नाव आहे. मी मानलं. आपण मानतोच. खाटेचा नंबर त्या दिवशी हॉलमध्ये पहिल्यांदा ऐकला. मी वळले नाही, कारण वळले असते तर तुला माझ्या तोंडावर सगळं दिसलं असतं. माझं तोंड तुला चौथीपासून वाचता येतं.

तेव्हापासून गप्प का राहिले? तुझी आई झोपेत, शांत गेली, एवढं तुझ्याकडे होतं. तू मला हेव्याचं लिहिलंस. मला तुझ्या त्या शांतपणाचा किती हेवा वाटायचा ते तुला कधीच कळलं नसतं. मागच्या रांगेत तू डबा उघडून चपाती खायचीस. मी माझा डबा न उघडताच घरी न्यायचे. मला वाटलं, तेवढं तरी तुझ्याकडे राहू दे. हे अर्धं झालं. उरलेलं अर्धं असं आहे की निवृत्त झाल्यापासून माझं कुणी ऐकत नव्हतं, आणि तिथे सगळे ऐकतात. आईबद्दल बोलताना ती मला रोज थोडी परत मिळते. हे सोडायला माझा हात उचलला नाही.

सोमवारी, ३ तारखेला, समिती यादी पक्की करणार आहे. त्यानंतर बदल नाही. मी हे वकीलबाईंना सांगितलं तर त्या डोकं धरतील. हॉस्पिटलचा वकील उठून म्हणेल, नातेवाईकच खाटा बदलत होते, आम्ही काय करणार? त्याला आयतंच मिळेल. शिवाय त्या माणसाच्या अपिलात हे जाईल. आणि माझ्या आईचं नाव यादीतून जाईल ते वेगळंच.

तू सांगशील तसं करीन. रागाने सांगितलंस तरी करीन.

पंखा तुझ्या आईचा जीव घेणार होता म्हणून माझ्या आईने खाट दिली. दर्शे, याचं मी काय करू?

जय भीम.
संघू


लालबाग,
गुरुवार, ३० जानेवारी २०२५

प्रिय संघू,

सप्रेम जय भीम. तुझं पत्र मिळालं. नूपुरने दुकानात आणून दिलं आणि मी माळ्यावर, साड्यांच्या गठ्ठ्यांत बसून वाचलं. खाली एक नवरीची आई शालू बघायला थांबली होती. मी खाली आले आणि तिला शालूऐवजी नऊवारी उलगडून दाखवली. सेठ म्हणाला, घरी जा बाई.

तुझं "हो" वाचलं. मला तेच हवं होतं. दोन महिने तेच हवं होतं. मिळाल्यावर मी भायखळ्यापर्यंत चालत गेले आणि का गेले ते आठवत नाही, मग टॅक्सीने परत आले.

तुझा राग आला. पहिल्या दिवशी खूप आला. तू थँक्यू म्हणालीस त्याचा. तू तिला झोपलेली समजून उचलून इकडे ठेवलीस त्याचा. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना लक्षात आलं की मी असते तर मीही थँक्यू म्हटलं असतं. कदाचित दोनदा. आणि मीही म्हटलं असतं, आज आईला झोप लागली, हळू बोला. त्यानंतर राग धरायला जागा सापडेना.

हेवा मात्र गेला नाही. वाटलं होतं, आई यादीत गेली की तुझ्या-माझ्यात फिट्टमफाट होईल. आता मला त्या संध्याकाळचा हेवा वाटतो. तिने चाळ कुठे येणार ते तुला विचारलं. पाणी तुझ्या हातून प्यायली. हिरव्या पडद्यांचा निरोप तुझ्याकडे दिला, आणि तू तो अडीच वर्षं स्वतःपाशी ठेवलास. माझ्याशी ती शेवटचं काय बोलली माहीत आहे? "टोपलीत कांदे सडतंत, बग." तू हे वाचून हसशील. हस. मीही काल अंधारात बसून हसले, मग विकासने येऊन दिवा लावला.

त्याला सांगितलं. तो म्हणाला, "गप्प बसा दोघी. केस बिघडेल. आता काय फरक पडतो?" तो वाईट बोलत नाही, तुला माहीत आहे, तो घाबरतो. नूपुर भिंतीला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "आजीने ओ दिली, आणि त्याने बघितलंसुद्धा नाही कोण ते? आणि इतके दिवस बाकी कुणीच नाही?"

मी तिच्या या प्रश्नावर रात्रभर विचार केला. आपण किती दिवस ही अदलाबदल करत होतो, संघू. संध्याकाळी ताप बघायला यायचे, बीपी बघायला यायचे, एकदा तर कुणीतरी डॉक्टर येऊन चौदाचा कागद वाचून माझ्या आईच्या पायाला सूज आहे का ते दाबून बघून गेला. सूज तुझ्या आईला होती. "आता सूज उतरली," म्हणाला. दुसऱ्या दिवशी ते आठवून आपण चौघी किती हसलो होतो. मोठ्या सिस्टरनी एकदा पकडलं, तेव्हा ओरडल्या, पण पुन्हा बघायला आल्या नाहीत. आपल्याला वाटायचं, आपण हुशार. त्यांना फसवतोय. संघू, त्या वॉर्डात फसवायला कुणी बघतच नव्हतं. म्हणून तो वर्षभर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जात राहिला, आणि त्याच्याकडेही कुणी बघितलं नाही.

हॉस्पिटलचा वकील म्हणेल, नातेवाइकांनी खाटा बदलल्या. म्हणू दे. मी उभी राहून म्हणेन, हो साहेब, बदलल्या. दोन म्हाताऱ्या होत्या. एक काळी, उंच, कपाळाला काही नाही. एक गोरी, बुटकी, हातावर गोंदलेलं. तुमच्यापैकी एकाने एकदा तोंडाकडे बघितलं असतं तर कळलं असतं. मला मान हलवण्यापलीकडे काही येत नाही असं आई म्हणायची. सोमवारी बघू. मी अडखळले तर तू चिमटा काढ, चौथीत वक्तृत्वाला काढायचीस तसा.

अपिलाचं मला कळत नाही. शनिवारी सकाळी वकीलबाईंकडे जाऊ, दोघी मिळून. त्यांनी डोकं धरलं तर त्यांना चहा पाजू. पण खोट्यावर उभं केलेलं सोमवारी टिकलं तरी कधीतरी पडेल, आणि तेव्हा तुझ्या आईचं नावही त्यासोबत चिखलात पडेल. तिचं नाव मी काढू देणार नाही. हे नीट वाच. मी न्यायाधीश बाईंना सांगणार आहे, चौदा नंबरपुढे दोन नावं लिहा. ते इंजेक्शन चंपाबाईंच्या खाटेवर आलं होतं आणि ते जाईबाईंनी घेतलं. ज्याने दिलं त्याला दोघींमधली एकही माहीत नव्हती. त्यांच्या नियमात बसत नसेल तर नियम काय आहे तो त्यांनी आपल्याला तोंडावर सांगावा.

तू विचारलंस, याचं मी काय करू. मला माहीत नाही. तुझ्या आईने खाट दिली आणि त्या आठवड्यात माझी आई रोज खिडकीशी बसून टॉवर बघत होती, खोकला कमी होता, आणि ती कुरकुर करत नव्हती. तिच्यासाठी कुरकुर न करणं केवढं मोठं ते तुला सांगायला नको. ते दिवस तुझ्या आईने दिले. मी असं म्हणते आहे. काही दिवसांनी मला पुन्हा दुसरं काही वाटेल, तेव्हा मी तुझ्याशी भांडेन. तेव्हा तू गप्प बसू नकोस, भांड.

आता सोमवारचं. ती पांढरी साडीच नेस. काठ मी जिन्यात सरळ करून देईन. मी लवकर येते. मागच्या रांगेत बसणार नाही, शिपायाला काय सांगायचं ते तू बघ, तुझं तो ऐकतो. डबा आणीन, दोघींचा. तू खाणार आहेस.

आणि एक कर. कारकून नेहमीसारखा खालमानेने वाचेल, "चौदा." तू लगेच उठतेस, मला माहीत आहे, तुला सवय झाली आहे. या वेळी थांब. एवढं एकदा मला दे. आईच्या जागी ओ मी देईन. मग आपण दोघी उभ्या राहू, आणि तो वर बघेपर्यंत बसायचं नाही.

तुझी शेजारीण,
जाईबाईची दर्शना